गयेला न घेतलेलं नाव

गावात मला अजूनही काशी-गया करून आलेला माणूस म्हणून मान आहे. लग्नात, बारशात कोणी नवा पाहुणा आला की त्याला सांगतात, आबांनी सगळा उत्तर हिंदुस्थान पायाखाली घातलाय. मग पाहुणा विचारतो, आणि मी सांगतो. प्रयागला दोन रंगांचं पाणी कसं मिळतं, काशीचे घाट किती उंच, सारनाथला जमिनीतून विटांचं अख्खं गाव कसं वर काढलंय. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत, पण पाहिलेली गोष्ट मी विसरत नाही. ऐकणारे खूश होतात. गयेचं मात्र मी दोन वाक्यांत आटपतो. आज ते लिहून काढतो, कारण तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही आणि आता जमेल असंही वाटत नाही.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी. मला माझी आई आठवत नाही. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं. ती तरुणपणीच विधवा होऊन, कडेवर मुलगा घेऊन माहेरी आली होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तिचा मुलगासुद्धा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नात्यानं मी मामा आणि तो भाचा, पण आम्ही एका ताटात जेवलो आणि एकाच गोधडीत झोपलो. अक्कानं आम्हा दोघांत कधी फरक केला नाही. केलाच असेल तर भाकरीचा पापुद्रा मला द्यायची, कारण मला आई नव्हती.

प्लेगात गाव उठलं आणि आम्ही शेतात झोपड्या घालून राहिलो. तिथं तो गेला. दहा वर्षांचा होता. त्या दिवसांत माणसं इतकी जात होती की कोणी कोणाच्या दारी जात नव्हतं. दोन माणसांनी त्याला उचललं, नदीवर नेलं आणि अर्ध्या तासात परत आले. दहावा नाही, तेरावा नाही, भटजी तर तालुक्याला पळून गेलेले. त्याच्यासाठी काही म्हणजे काहीच झालं नाही.

अक्का त्याबद्दल रडत बसणाऱ्यातली नव्हती. शेतात चार गड्यांचं काम करायची. पण माझा संसार लागला, शेती सावरली, आणि एक दिवस ती मला म्हणाली, "भाऊ, माले काशी नही दखाडी तरी चाली, पन गयाले ली चाल." काशी दाखवली नाहीस तरी चालेल, पण गयेला ने. तिनं ऐकलं होतं की गयेत कोणाचाही पिंड देता येतो, ज्याचं मागे काही झालं नाही त्याचाही, अगदी पाळलेल्या बैलाचाही. उभ्या जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी म्हणालो, नुसती गया कशाला, सगळंच दाखवतो. माझा स्वभावच तसा.

जळगावच्या शिंप्याकडून मी काळा कोट शिवून घेतला. आमच्या घरात कोट घालणारा मी पहिला. जळगाव स्टेशनातच आम्हाला धुळ्याच्या कचेरीतले एक पेन्शनर कारकून भेटले. ते लेकीला भेटायला जळगावला आले होते आणि तिथून बायकोला घेऊन तेही काशी-गयेला निघाले होते. गोरा माणूस, चष्मा, काखेत स्थळांची माहिती असलेलं जाड पुस्तक. माझा कोट बघून ते म्हणाले, "काय पाटील, कुठपर्यंत?"

मी पाटील नाही. पाटीलकी आमच्या गावात दुसऱ्या घराण्याकडे आहे. पण मी म्हणालो, "गयेपर्यंत." पाटील शब्द तसाच राहू दिला. पुढचे वीस दिवस मी पाटील होतो. अक्कानं पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा माझ्याकडे बघून नुसती हसली.

कारकूनसाहेबांची सोबत मला फार आवडली हे कबूल करतो. ते शुद्ध बोलत. प्रत्येक ठिकाणी पुस्तक उघडून सांगत, हा किल्ला अमक्याचा, ही मशीद तमक्याची, हे देऊळ तीनदा पाडून तीनदा बांधलं. मी मान हलवायचो आणि मनात पाठ करायचो, गावात जाऊन सांगायला. आमच्या घरची बोली अहिराणी. मी मात्र त्यांच्याशी जपून, शाळेतलं मराठी बोलायचो. काशीत धर्मशाळेत नागपूरकडची चार माणसं आमच्यात मिळाली आणि आमची एक टोळीच झाली. सकाळी स्नान, मग देवळं, दुपारी कारकूनसाहेबांचं पुस्तक.

सारनाथला मी तोंडघशी पडलो. तिथं विटांचा एक प्रचंड बुरुज आहे, आत पोकळी नाही, खोली नाही, भरीव. भोवती जुने पाये, मोडके खांब, तुटक्या मूर्ती. कोणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "हे पांडवांचं काम. वनवासात एका रात्रीत उभं केलेलं. आमच्याकडे चाळीसगावच्या डोंगरातली लेणी त्यांचीच आहेत." आमच्याकडे प्रत्येक लेणं पांडवांचं असतं, त्यात कोणी शंका घेत नाही. मी इतक्या खात्रीनं सांगितलं की नागपूरच्या एका बाईनं त्या बुरुजाला हात जोडले.

कारकूनसाहेबांनी चष्मा वर केला. "पाटील, हे बौद्धांचं आहे हो. बुद्धानं पहिला उपदेश इथं केला. पांडवांचा इथं काय संबंध? तुमचे पांडव रात्रीची झोप तरी कधी घेत होते?"

सगळे हसले. तेवढ्यात मागून अक्का मोठ्यानं म्हणाली, "हाई मानसेसनीच बांधेल शे ना भाऊ? मंग कोनं बी ऱ्हावो." माणसांनीच बांधलंय ना, मग कोणाचं का असेना. ती माझी बाजू घेत होती. पण कारकूनबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शे म्हणजे किती शे हो अक्का? दोनशे की तीनशे?"

आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. आता दुप्पट हसू झालं. अक्कासुद्धा हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, हिनं माझी उरलीसुरली अब्रू घालवली.

संध्याकाळी घाटावर तिला एकटीला गाठून मी म्हणालो, "चारचौघांत जरा शुद्ध बोलत जा."

"माले शुद्ध कोठे येस?" ती म्हणाली.

"मग बोलू नको."

"बरं," ती म्हणाली.

तेव्हापासून ती बोलली नाही. रुसून नव्हे. मी सांगितलं म्हणून. पाणी हवं तर तांब्या दाखवायची, दमली तर पायरीवर बसायची. कारकूनबाई काही विचारायच्या तेव्हा मान हलवायची. मला उलट बरं वाटलं. चार दिवसांनी आम्ही गयेला पोचलो तोवर मी सारनाथ विसरलोही होतो.

गयेचं काम तीन दिवसांचं. फल्गू नदीच्या वाळूत, मग विष्णुपदावर, आणि शेवटी अक्षय्यवटाखाली. खानदेशच्या लोकांचा गयावळ, म्हणजे गयेचा पंडा, वेगळा असतो, त्याला आपली भाषा थोडी कळते. पण आमच्या गयावळानं शेवटच्या दिवशी तिथलाच एक भाड्याचा भट पाठवला. त्याला हिंदी येत होतं आणि मराठी कामापुरतं. पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं होतं, आधी आपले वाडवडील, मग आईकडचे, मग सासरचे-सोयरे, आणि ज्यांचं काही झालेलं नाही ते सर्वांत शेवटी, वडाखाली. अक्कानं हे लक्ष देऊन ऐकलं. तीन दिवस ती माझ्या मागे दोन हातांवर बसायची, हात जोडून, शेवटची वाट बघत. तिच्या नवऱ्याचं नाव झालं तेव्हा तिनं जमिनीला डोकं टेकलं.

वडाखाली कारकूनसाहेब माझ्या शेजारच्याच पत्रावळीवर बसले होते, भट दोघांचा एकच. त्यांचे संस्कृत उच्चार खणखणीत. मी माझं म्हणता म्हणता त्यांचं ऐकत होतो आणि तसंच म्हणायला बघत होतो. खरं सांगतो, पिंड ठेवता ठेवता मी पोराला विसरलो. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो त्यालाच. पत्रावळीवर शेवटचा एक पिंड शिल्लक होता, तो कोणाचा याचासुद्धा मी विचार केला नाही. भट म्हणाला, "हो गया? आता सगळे सांगा, इथं एकेक फळ सोडायचं. जन्मभर खायचं नाही. मग मी सुफल बोलतो." सुफल म्हणजे यात्रा पावली असं भटानं म्हणणं. ते म्हटलं की काम संपलं.

कारकूनसाहेबांनी पेरू सोडला.

मागून अक्का बोलली. सात दिवसांत पहिल्यांदा. "भाऊ, मना आंडोर ऱ्हायना."

आंडोर म्हणजे मुलगा. माझा मुलगा राहिला. आमच्या बोलीत लहान लेकरालाही कळणारा शब्द.

भटानं कान पुढे केला. "क्या? अंडा?"

"मना आंडोर," ती म्हणाली, जरा मोठ्यानं.

"अंडा इथं नाही चालत, माई. फळ सोडायचं, फळ."

कारकूनसाहेब हसू दाबत म्हणाले, "पाटील, अक्का अंडी सोडतायत वाटतं. म्हणजे आजवर खात होत्या का?" कारकूनबाई हसल्या. पलीकडच्या पत्रावळीवरची अनोळखी माणसंही वळून बघायला लागली. अक्का माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती, या वेळी तिला कळलं होतं की ही गंमत नाही. तिला वाटत होतं, आता भाऊ सांगेल.

एक वाक्य पुरलं असतं. आंडोर म्हणजे मुलगा, तिचा मुलगा, त्याचा पिंड राहिलाय. भटानं मुकाट नाव विचारलं असतं. कारकूनसाहेबही वाईट माणूस नव्हते, खाली मान घातली असती. पण ते सांगायचं म्हणजे कबूल करायचं की हा शब्द माझ्याच घरचा, आणि मीच पोराला विसरलो होतो. मी म्हणालो, "काही नाही हो. तिला समजत नाही. तुम्ही आटपा."

"माई काय सोडते?"

"सीताफळ," मीच सांगून टाकलं. तोंडात आलं ते. "आणि मी फणस."

फणस आमच्याकडे पिकत नाही. जन्मात मी तो दोनदा खाल्ला असेल.

भट सुफल म्हणाला. उरलेला पिंड त्यानं दुसऱ्या पिठात मिसळून टाकला आणि पत्रावळ उचलली.

धर्मशाळेकडे येताना अक्कानं मला वाटेत थांबवलं. बोलली नाही. फक्त वडाच्या दिशेला बोट केलं. परत जाऊ या का, असं. दिवस पुष्कळ बाकी होता. भटही तिथंच असणार होता.

मी म्हणालो, "सुफल झाल्यावर काही करता येत नाही." हे मी कोणाला विचारलेलं नव्हतं. आजही मला माहीत नाही ते खरं आहे की खोटं. मी विचारलंच नाही, कारण उत्तर करता येतं असं आलं असतं तर मला परत जावं लागलं असतं.

तिनं बोट खाली केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बुद्धगयेला गेलो. तिथलं देऊळ उंच निमुळतं, मागे मोठा पिंपळ. ब्रह्मदेशाकडून आलेले यात्रेकरू होते, त्यांच्या बाया पिंपळाभोवती तेलाच्या पणत्या मांडत होत्या. कारकूनसाहेब पुस्तकातून वाचत होते. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष अक्काकडे. ती दिसेना. शोधत गेलो तर पिंपळाच्या पलीकडे, कठड्याला टेकून, ती एका ब्रह्मी म्हातारीजवळ बसली होती. म्हातारी तिच्या भाषेत काही सांगत होती आणि अक्का अहिराणीत उत्तर देत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी थांबत नव्हत्या.

मी दगडी खांबाआड उभा राहिलो. अक्का सांगत होती, "दहा वरीसना व्हता. डोया तुनासारखाच बारीक व्हतात." त्याचे डोळे तुझ्यासारखेच बारीक होते. आणि तिनं त्याचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. ब्रह्मी म्हातारीनं ते नाव मोडकंतोडकं परत म्हटलं, एक पणती अक्काच्या हातात दिली आणि कुठं ठेवायची ते दाखवलं.

म्हातारी हसली नाही. परक्या देशातल्या बाईनं ते नाव तोंडात घेतलं आणि मी, त्याच्या ताटात जेवलेला, खांबाआड कोटात उभा होतो. पुढे जावं असं मनात आलं. नाही गेलो. कारकूनसाहेबांनी हाक मारली, "पाटील, इकडे या, हे बघा," आणि मी तिकडे गेलो. त्याचं नाव मी इथंही लिहीत नाही. त्या दोन बायांनी घेतल्यावर माझ्या लिहिण्याला काय किंमत.

घरी आल्यावर मावंदं घातलं. काशीहून आलं की गंगेच्या पाण्याची पूजा करून गावाला जेवण घालायचं, तशी रीत आहे. गाडग्यांवर फुलं, दारात मांडव. मी कोट घालून मधोमध बसलो आणि सारनाथ सांगितलं, बौद्धांचं म्हणून सांगितलं, पांडवांचं नाव काढलं नाही. जेवणं झाल्यावर शेजारची एक म्हातारी, प्लेगात आमच्या शेजारच्या झोपडीत राहिलेली, अक्काला सर्वांसमोर विचारायला लागली, "अक्का, आंडोरना पिंड दिधा ना व?"

मांडवात मी मान खाली घातली. आता येईल ते येईल, असं ठरवलं.

अक्का पत्रावळी गोळा करत होती. थांबली नाही. "दिधा," म्हणाली. "भाऊनी दिधा."

म्हातारीनं मला आशीर्वाद दिला. तो मी घेतला.

पुढे दर वर्षी मी मनात म्हणायचो, या दिवाळीनंतर परत जायचं, दोघांनीच, कोणाच्या सोबतीशिवाय. जायचं म्हणजे तिला सांगावं लागलं असतं की का जायचं. कधी विहिरीचं काम निघालं, कधी मुलीचं लग्न. निमित्तं खरी होती, पण ती मला हवीहवीशी होती. गाडी रोज जात होती.

आणि दर वर्षी डोंगराकडच्या बाया टोपल्यांत सीताफळं घेऊन दारावर यायच्या. अक्काला सीताफळ फार आवडायचं, जेवण सोडून सीताफळावर राहायची बाई. यात्रेनंतर तिनं हात लावला नाही. घरातल्या पोरांना फोडून द्यायची, बिया वेगळ्या काढून द्यायची, आणि हात धुऊन टाकायची. पहिल्या वर्षी माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं आणि मी गप्प राहिलो.

बऱ्याच वर्षांनी, तिला दिसायला कमी झालं होतं तेव्हा, ओसरीवर ती माझ्या नातवंडांना सीताफळ फोडून देत होती. घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं. मी जवळ बसलो आणि म्हणालो, अहिराणीत म्हणालो, की तू काही सोडलं नव्हतंस, ते मी बोललो होतो, तुझं त्यात काही नाही, खा.

तिनं बोटं पुसली. "तू बोलना ना भाऊ. त्या वडनी आयकं." तू बोललास ना, त्या वडानं ऐकलं.

तिला मला टोचायचं नव्हतं. ती साधं सांगत होती. माझ्या तोंडून निघालेला शब्द तिनं खरा धरला होता आणि इतकी वर्षं पाळला होता. मग तिला हेही माहीत होतं की जो शब्द मी बोललो नाही, तो वडानं ऐकलेला नाही. ती हे जाणूनच मांडवात दिधा म्हणाली होती.

त्या वेळी मी तिचे पाय धरायला हवे होते. निदान चूक झाली एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "यंदा सीताफळं किडकी आलीत," आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

त्या हिवाळ्यात ती गेली.